दादा आणि अमेरिकेतला शेठ

दादाला नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी नेलं त्या दिवशी त्याच्या मांडीवर एक छोटी उशी होती. छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला अशी उशी देतात. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची असते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गाडीच्या मागच्या सीटवर ती उशी धरून बसला होता आणि शेजारी वहिनी औषधांची पिशवी घेऊन. मी स्कुटीवर मागून येत होते. काटोल रोडच्या सिग्नलला त्यांची गाडी नेमकी माझ्या पुढे थांबली आणि मागच्या काचेतून मला त्याची मान दिसली. बारीक झाली होती. बाबांची मान शेवटी शेवटी अशीच झाली होती.

दादाचं घर फेटरीच्या पुढे, कळमेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला आहे. तो प्लॉटचा धंदा करतो. शेतजमीन घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे, रस्ते आणि नाल्या काढायच्या, दिव्याचे खांब लावायचे आणि विकायची. हे लेआऊट त्याचं सगळ्यात मोठं. त्यातला रस्त्याकडचा कोपऱ्याचा प्लॉट त्यानं स्वतःसाठी ठेवला आणि त्यावर तीन मजली बंगला बांधला. बाकीचे सगळे प्लॉट विकले गेले, पण घरं कुणी बांधली नाहीत. भाव वाढेल म्हणून लोकांनी घेऊन ठेवले होते. त्यामुळे डांबरी रस्ते आहेत, दिवे आहेत, हद्दीचे दगड आहेत, मधे कंबरभर गवत आहे आणि कोपऱ्यात दादाचा एकटा बंगला आहे.

आम्ही विणकरांची मुलं. गोळीबार चौकाजवळच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत माग होता आणि त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बाबा दिवसभर विणत. आई सुताच्या कांड्या भरायची. आमच्या घरात लुगडी तयार होत, पण तसलं रेशीमकाठी लुगडं आईच्या अंगावर मी कधी पाहिलं नाही. ते घडी होऊन इतवारीच्या दुकानात जायचं आणि तिथून कुणाकडे जायचं ते आम्हाला ठाऊक नसे. दादा दहावीनंतर त्याच इतवारीत कापडाच्या दुकानात लागला. त्यानं गिऱ्हाईक पाहिलं, मालक पाहिला, आणि बाबांनंतर मागाचा खड्डा त्यानंच मुरूम टाकून बुजवला. वर सिमेंट केलं. मी त्या वेळी कॉलेजात होते. त्या जागेवर मग माझं टेबल आलं.

मी इंग्रजी शिकवते. त्यातही माझा विषय अमेरिकन कादंबरी. मी अमेरिकेला कधी गेले नाही. या कादंबऱ्यांचं मला वेड लागलं ते त्यातल्या दुकानांमुळे. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी वाचायचे, आणि पानंच्या पानं दुकानांची वर्णनं यायची: काचेची कपाटं, हातमोजे, टोप्या, चिनी मातीची भांडी, ओळीनं लावलेले दिवे. माणसं आत शिरायची एका कामासाठी आणि बाहेर यायची दुसरंच काही घेऊन, आणि घरी जाऊन पुन्हा उदास व्हायची. त्या वस्तू कोण तयार करतं, हे कुणीच सांगत नव्हतं. मला वाटायचं, या पुस्तकाच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या खोलीत, आमच्यासारखं एखादं घर असणार. पुढे मी याच विषयावर पीएचडी केली. वस्तूंचा हव्यास, पैशाची धाव, श्रीमंत माणसाचं एकटेपण, असं सगळं मी वर्षानुवर्षं वर्गात बोलत आले. लग्न केलं नाही. आता मनीषनगरला फ्लॅट आहे आणि निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत.

दादाकडे पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागली. प्लॉटवाले, सिमेंटवाले, कळमन्याच्या बाजारातला एक आडत्या मित्र फळांची पेटी घेऊन आला. सगळे त्या मोठ्या हॉलमधल्या सोफ्यावर बसले, चहा प्यायले, कोणत्या दवाखान्यात केलं, किती नळ्या बंद होत्या, हे विचारून गेले. दुसऱ्या आठवड्यात कमी आले. मग कुणीच येईना. दादाचा मुलगा हैदराबादहून आला होता तो परत गेला, मुलगी रायपूरची, तिच्या पोरांच्या परीक्षा होत्या. डॉक्टरांनी दादाला साइटवर जायला मनाई केली होती आणि वहिनीनं त्याचा फोन काढून घेतला होता.

थंडीचे दिवस होते. मी कॉलेज सुटलं की सरळ तिकडे जायचे. दादा वरच्या गॅलरीत उन्हात खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटांकडे पाहत असायचा.

एकदा तो म्हणाला, "मास्तरीणबाई, एक सांग. तू इतके वर्सं त्या कॉलेजात काय शिकवून राहिली?"

"कादंबऱ्या."

"ते माहीत आहे मले. काय असते त्याच्यात?"

मी म्हटलं, "पैसेवाल्या लोकांच्या गोष्टी असतात. अमेरिकेतल्या."

तो हसला. हसताना त्यानं उशी छातीशी धरली. "मंग मलेच विचारायचं होतं तुनं. आन एखादं. वाच. तसंही मी फोकट बसून राहिलो इथं."

मी मनावर घेतलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधून निघताना कपाटातली एक जुनी कादंबरी पर्समध्ये टाकली. ती आता फारशी कुणाला ठाऊक नाही, अभ्यासक्रमातून केव्हाच गेली. मी मात्र तिच्यातलं एखादं प्रकरण दरवर्षी मुलांना वाचून दाखवते. मैदानी मुलुखातल्या एका गावात एक माणूस घोडागाडीवर लोखंडी चुली घालून दारोदार विकत फिरतो. मग लहान दुकान टाकतो, मग मोठं. मग चार मजली, सगळं काही मिळणारं. गावाबाहेरच्या टेकडीवर घर बांधतो. आणि मग पुढचं.

दादाला इंग्रजी वाचता येतं ते बँकेच्या आणि कोर्टाच्या कागदापुरतं. म्हणून मी एक परिच्छेद मनात वाचायचे आणि तो मराठीत सांगायचे. पहिल्या दिवशी मी वर्गात बोलते तसं बोलले. "त्याच्या मनात एक अनामिक ओढ निर्माण झाली," असं काहीतरी. दादानं मला थांबवलं.

"हे काय बोलून राहिली? घरच्यासारखं बोल नं."

मग मी घरच्यासारखं बोलले. "तो घोडा थांबवते, खाली उतरते, आन म्हणते, बाई, चूल पाहून घ्या, घ्याची नसन तं नका घेऊ, पाहाले काय लागते." असं बोलायची सवय सुटली होती. आई गेल्यापासून मी कुणाशी असं बोललेच नव्हते. पहिली दोन पानं जीभ अडखळली आणि मग ती सुटली ती सुटलीच. जी वाक्यं मला पंचवीस वर्षं पाठ होती ती अशी बोलताना मलाच नवी वाटायला लागली.

दादाला तो माणूस आवडला. त्याला तो शेठ म्हणायचा. मी गेले की विचारायचा, "शेठचं काय झालं मंग?" शेठनं किस्तीवर, म्हणजे हप्त्यानं, चुली विकायला सुरुवात केली तेव्हा दादा खूश झाला. टेकडीवर घर बांधलं ते त्याला पटलं नाही.

"तिथं काहून बांधलं? पाणी वर चढवावं लागन. गिऱ्हाईक खाली, दुकान खाली, अन् हा वर एकटा."

"दादा, तू पण तेच केलं गा."

त्यानं समोर पाहिलं. गवतातून एक गाय चालत होती. "माहं वेगळं आहे," तो म्हणाला. "इथं वस्ती होणार आहे. टाइम लागते."

वहिनी दारातच बसायची. मांडीवर ताट घेऊन मेथी निवडायची, नाही तर वाटाणे सोलायची. ती मधे बोलत नसे. ती उमरेडची, तिचं माहेरही विणकरांचंच. लग्न होऊन आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा आम्ही दोघी एका चादरीवर झोपायचो. नंतर दादाचं घर मोठं होत गेलं तशी ती कमी बोलायला लागली, की मीच कमी जायला लागले, ते मला आज नक्की सांगता येत नाही.

एक दिवस वाचन संपल्यावर तिनं विचारलं, "त्याची बायको काय करते?"

मी म्हटलं, "ती वस्तू मागवते, वहिनी. मोठमोठी पुस्तकं येतात चित्रांची. त्यात पाहून खूण करते आणि रेल्वेनं सामान येतं."

"वापरते?"

"काही वापरते. काही तसंच ठेवते."

वहिनी उठली. म्हणाली, "या तुम्ही बाई, तुम्हाले एक दाखवते." ती मला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. तिथली एक खोली तिनं किल्लीनं उघडली. आत पलंग नव्हता, पंखा नव्हता. खोक्यांवर खोके रचले होते, काही तर चिकटपट्टीसकट. मिक्सर, बिनतेलाचं तळायचं यंत्र, काचेचे डिनर सेट, कॉफीचं मशीन, पाहुण्यांसाठी रजया, पडदे. तिनं एका खोक्यावरची धूळ पदरानं पुसली.

"फोनवर दिसते. मागवावं वाटते," ती म्हणाली. "तो पोट्टा गाडीवर येते इतक्या दूर, बेल वाजवते. मंग मी खोकं उघडत नाही. कोणासाठी उघडू? जेवाले येते कोण इथं?"

अशा खोलीवर मी व्याख्यान देऊ शकते, तासभर, टिपणाशिवाय. त्या दिवशी मला तिच्या शेजारी उभं राहण्यापलीकडे काही सुचलं नाही. तिनं दार लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि आम्ही खाली आलो. दादानं विचारलं, कुठं गेल्या होत्या? वहिनी म्हणाली, गच्चीवर.

पुढे कादंबरीत एक प्रसंग येतो. वर्गात मी तो नेहमी वाचते. दुकान आता इतकं मोठं झालेलं असतं की शेठला तिथं काही काम उरलेलं नसतं. घरी बायको आपल्या खोलीतून खाली येत नाही. एका संध्याकाळी तो स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकासारखा शिरतो आणि हातमोज्यांच्या काउंटरवर जाऊन म्हणतो, मला हातमोजे दाखवा. काउंटरवरची मुलगी त्याला ओळखते. तरी ती एकेक जोडी काढते, त्याचा हात हातात घेऊन मोजा चढवते, बोटं सरळ करते, विचारते, घट्ट होतो का? तो म्हणतो, दुसरा दाखवा. दुकान बंद होईपर्यंत तो हातमोजे घालून पाहत राहतो.

मी हे सांगितलं आणि पान उलटायला लागले. दादा म्हणाला, "थांब जराक."

मी थांबले. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं होतं.

"ते पोट्टी त्याले ओळखत होती?"

"ओळखत होती."

"तरी दाखवून राहिली होती?"

"हो."

त्यानं मांडीवरची उशी सरळ केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी गाड्यांच्या शोरूमात जातो. रविवारी. तुह्या वहिनीले सांगतो साइटवर जाऊन राहिलो. घ्याची नसते मले गाडी. ते बसवतात. पाणी आणतात, कॉफी आणतात. सर सर करतात. एक पोरगा दार उघडून देते, मी आत बसतो. तो सगळं सांगते, हे बटण कायचं, ते कायचं. मी विचारत राहतो. मले सगळं माहीत असते वं. तरी विचारत राहतो."

वहिनी दारात होती. तिनं मेथीची काडी मोडली आणि ताटात टाकली.

"कोणी इतकं ध्यान देऊन बोलते कुठं आपल्याशी," दादा म्हणाला.

या प्रसंगासाठी माझ्याकडे एक मोठा इंग्रजी शब्द आहे. तो मी फळ्यावर लिहिते आणि मुलं उतरवून घेतात, परीक्षेत येतो. तो शब्द त्या वेळी माझ्या मनात आला आणि मला त्याची शिसारी आली. मी पुस्तक मिटलं.

"तू कुठं जातेस?" दादानं विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"रविवारी. एकटी असतेस तं."

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "मॉलमध्ये जाते. वरच्या मजल्यावर खायची दुकानं आहेत, तिथं टेबलं असतात. एक कॉफी घेते आणि पेपर तपासत बसते. काही विकत घेत नाही. घरी फार शांत असतं."

दादानं मान हलवली. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र हे कुणाला तरी सांगितल्यानं इतकं हलकं वाटलं की घरी जाताना, गोरेवाड्याच्या बाजूनं थंड हवा अंगावर येत असताना, मी स्कुटीवर कितीतरी वेळ एकटीच हसत होते.

त्यानंतर काही दिवस चांगले गेले. दादा आता खालपर्यंत चालत जायचा. लेआऊटच्या रस्त्यांवर आम्ही फिरायचो, तो मला सांगायचा की हा प्लॉट एका डॉक्टरचा, तो एका इंजिनियरचा, ते लोक कसे कधी येऊन पाहतही नाहीत. शेठवर तो मध्येच बोलायचा, जणू काही तो कळमेश्वरच्या एमआयडीसीत राहतो. "शेठनं पोराले दुकानात बसवलं असतं तं बरं झालं असतं." त्याचा स्वतःचा मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करत होता आणि त्याला प्लॉटचं नाव काढलेलं आवडत नसे.

मग डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता हरकत नाही. दादाला फोन परत मिळाला. मी दुसऱ्या दिवशी गेले तर तो गॅलरीत नव्हता. वहिनी म्हणाली, "साइटवर गेले. नवीन जमीन पाहून राहिले, कळमेश्वरच्या पल्याड." मी पुस्तक घेऊन पुन्हा दोनदा गेले. एकदा तो घरी होता, पण हॉलमध्ये माणसं बसली होती. त्यानं मला हात केला, बस म्हणाला, आणि फोनवर बोलत बाहेर गेला. मी चहा घेतला आणि निघाले. पुढच्या महिन्यात त्यानं नवी गाडी घेतली. मला दाखवायला तो मनीषनगरला आला, खाली उभा राहून हॉर्न वाजवला. आम्ही वर्धा रोडला एक चक्कर मारली. सीट आतून गार होते, ते त्यानं मला बटण दाबून दाखवलं. बाहेर हिवाळाच होता.

मी विचारलं, "आता शोरूममध्ये जात नाही?"

"आता काय जाचं? आता ते सर्व्हिसिंगच्या काउंटरवर पाठवतात. तिथं नंबर लावा लागते." तो हसला नाही.

वहिनीला मी शेठच्या बायकोचं पुढचं सांगितलं, ते तिनंच विचारल्यावर. दादा घरी नव्हता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, त्या लांबलचक काळ्या ओट्यापाशी. मी म्हटलं, एका सकाळी ती लहानशी पेटी घेऊन स्टेशनवर जाते आणि बहिणीच्या गावचं तिकीट काढते.

"मंग?"

"मग ती पुस्तकात पुन्हा येत नाही. पुढची गोष्ट शेठचीच आहे."

"ते तिथं गेली की नाही, पोचली की नाही, काही नाही?"

"नाही."

वहिनी म्हणाली, "लिहिणाऱ्याले तिचं काही पडलंच नाही म्हणजे." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बंद केला.

पुढच्याच आठवड्यात तिनं एक छोटा टेम्पो बोलावला. तिसऱ्या मजल्यावरचे खोके खाली उतरवले. दादा म्हणे पाहत उभा होता. इतकं सामान आपल्या घरात होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. वहिनीनं त्याला सांगितलं की उमरेडला बहिणीकडे जाऊन येते, तिच्या सुनांना, भाच्यांना हे सगळं वाटून टाकते. भांडण झालं नाही. ती ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसून गेली. मला फोन करून म्हणाली, "बाई, मी पोचली बरं का." मी म्हटलं, बरं केलंत. फोन ठेवल्यावर मला उगीच रडू आलं.

ती लगेच परत आली नाही. बहिणीकडे लग्न निघालं, मग कुणी आजारी पडलं, मग तिनं कारण सांगणं सोडून दिलं. मग एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "येतेस का? ते पुस्तक राहिलंच."

मी गेले तेव्हा तो गॅलरीत जुन्याच खुर्चीवर बसला होता. दाढी वाढलेली. खाली सोफ्यावर वर्तमानपत्रं पडली होती आणि टीव्ही आवाज बंद करून चालू होता. मी शेवटची प्रकरणं काढली. शेठ म्हातारा होतो, गावाला नवा मोठा रस्ता होतो आणि लोक खरेदीला शहरात जायला लागतात, असं मी सांगत होते. थोड्या वेळानं पाहिलं तर दादाचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. झोपला होता.

मी थांबले नाही. का ते सांगता येत नाही. आवाज थोडा खाली आणला आणि वाचत राहिले, आमच्याच बोलीत, समोर गवत, रिकामे रस्ते, दुपारच्या उन्हात उभे असलेले दिव्यांचे खांब. शेठ दुकान विकतो. टेकडीवरच्या घरात एकाच खोलीत राहायला लागतो. शेवटच्या पानावर तो सकाळी उठून चूल पेटवतो, तो कधीकाळी विकायचा तसलीच, आणि तिच्यासमोर हात शेकत बसतो. संपतं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की हा पराभवाचा शेवट आहे. त्या दिवशी मला तो फक्त थंडी वाजणाऱ्या माणसाचा वाटला.

दादा जागा झाला. "संपलं?"

"संपलं."

"काय झालं?"

"दुकान विकलं त्यानं."

"घेणाऱ्यानं नाव बदललं का?"

"बदललं."

"बदलतेच," दादा म्हणाला. मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तू जेवली नसशील."

आम्ही खाली स्वयंपाकघरात गेलो. रोज एक डबेवाली येऊन डबा ठेवून जायची, रविवारी ती येत नसे. पिठलं करू, मी म्हटलं. त्या ओट्याखाली ड्रॉवरच ड्रॉवर होते, दाबले की आपोआप बाहेर येणारे, आणि मोहरी कुठं आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दादा एका बाजूनं ड्रॉवर उघडत निघाला आणि मी दुसऱ्या. चमचे, पेल्यांखालच्या चकत्या, वाढदिवसाच्या मेणबत्त्या, पुन्हा चमचे. शेवटी वहिनीला फोन लावला. तिनं सांगितलं, गॅसच्या उजव्या हाताला, वरून दुसरा. आणि विचारलं, "बाई आल्या का? जेवण करून राहिले का दोघं?" दादा म्हणाला, हो. मग म्हणाला, "तू कधी येतेस?" तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं "बरं" म्हटलं आणि फोन ओट्यावर ठेवला.

पिठलं पातळ झालं होतं. आम्ही उभ्यानंच खाल्लं, भांड्यातूनच, लहानपणी आई नसताना खायचो तसं. तो म्हणाला मीठ कमी आहे. मी म्हटलं, तुला कमीच खायचं आहे.

वहिनी उन्हाळ्यात परत आली. आता ती दर महिन्याला उमरेडला जाते आणि मनाला येईल तेव्हा येते. दादानं तिला कारण एकदाही विचारलं नाही. खोक्यांची खोली रिकामी आहे. कळमेश्वरच्या पल्याडचं लेआऊट झालं, तिथलेही प्लॉट विकले गेले, तिथंही अजून कुणी घर बांधलेलं नाही.

यंदा दिवाळीला मी गेले होते तेव्हा दादानं निघताना विचारलं, "असं अजून एखादं पुस्तक आहे का?"

"आहेत की. पुष्कळ आहेत."

"कोणाचं?"

"एका बाईचं आहे. ती एका मोठ्या घरात मोलकरीण म्हणून लागते आणि..."

"सांगू नको. थंडी पडू दे. फोन करतो तुले."

थंडी पडून बरेच दिवस झाले. सकाळी कॉलेजला जाताना हात गारठतात. ते पुस्तक मी कपाटातून काढून स्कुटीच्या डिकीत ठेवलं आहे. दादाचा फोन अजून आलेला नाही. मीही केलेला नाही. रविवारी मॉलमध्ये गेले होते, वरच्या मजल्यावर, खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं.